धनेशाचे घर

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



बेळगावच्या कॅम्पातील जुन्या झाडांखालून रोज ये-जा करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की, ह्याच छावणीत राहिलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याने सुमारे दीडशे वर्षांपूर्वी ह्या मुलखातील पक्ष्यांची तपशीलवार नोंद करून ठेवली आहे. त्याचे नाव कॅप्टन ई. ए. बटलर. पलटणीबरोबर तो बेळगावास आला आणि १८७९-८० च्या सुमारास येथल्या माळांवर, तळ्यांकाठी आणि पश्चिमेकडच्या रानांत हिंडून पक्षी, घरटी आणि अंडी यांची टिपणे करू लागला. दख्खन आणि दक्षिण मराठा मुलूख यांतील पक्ष्यांची त्याने केलेली सूची १८८१ च्या सुमारास ‘स्ट्रे फेदर्स’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढच्या पक्षिग्रंथांत बेळगावचे नाव वारंवार आढळते, ते ह्या माणसामुळे.

‘स्ट्रे फेदर्स’ चालविणारे गृहस्थ म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. राष्ट्रसभेच्या स्थापनेमुळे ते मराठी वाचकाला परिचित आहेत. पक्षिशास्त्रज्ञ म्हणून मात्र त्यांची ओळख आपल्याकडे कमी. हिंदुस्थानातील पक्ष्यांवर एक बृहद्ग्रंथ लिहिण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे जमविलेली हस्तलिखिते, ते सिमल्याबाहेर असताना, घरच्या नोकराने बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली. खचलेल्या ह्यूमसाहेबांनी आपला पक्ष्यांचा प्रचंड संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या स्वाधीन केला. ग्रंथालयाच्या सभासदांपुढे ही गोष्ट सांगताना तिचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही. मात्र रानही अशाच रीतीने रद्दीत जाते. त्यातील कोणते पान मोलाचे, हे ठाऊक नसलेला माणूस ते वजनावर विकतो.

ह्या रानातील सर्वांत भारदस्त पान म्हणजे धनेश. त्यातही महाधनेश. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत तीन-साडेतीन फूट लांबी, पिवळी वाकडी चोच, तिच्यावर टोपासारखे शिंग, आणि उडताना पंखांचा असा आवाज की पक्षी दिसण्यापूर्वी तो ऐकू यावा. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे बोधचिन्ह हाच पक्षी आहे, आणि ते चिन्ह आले आपल्याच घाटातून. मे १८९४ मध्ये उत्तर कानड्यात जन्मलेले महाधनेशाचे एक पिलू कारवारच्या एका गृहस्थाने सोसायटीला भेट दिले. त्याचे नाव ‘विल्यम’ ठेवण्यात आले. सोसायटीच्या कचेरीत, चिटणिसाच्या खुर्चीमागील पिंजऱ्यात, त्याने सव्वीस वर्षे काढली. एकदा पेटती सिगार गिळूनही त्याला काही झाले नव्हते. १९२० मध्ये तारेचा तुकडा गिळल्याने तो मेला असे सांगतात. सोसायटीची इमारत आज ‘हॉर्नबिल हाउस’ म्हणून ओळखली जाते. पिंजऱ्यातल्या कारवारी पाहुण्याला एवढी कीर्ती लाभली, पण त्याचे आईबाप ज्या झाडाच्या ढोलीत संसार करीत होते, त्या झाडाचे पुढे काय झाले, ह्याची विचारपूस त्या काळी कोणी केली असेल असे वाटत नाही.

वास्तविक सारा प्रश्न त्या झाडाचाच आहे.

धनेशाची वीण हा निसर्गातील एक विलक्षण प्रकार होय. पावसाळ्यानंतरची थंडी सरू लागली की जोडी ढोलीचा शोध घेऊ लागते. योग्य ढोली मिळाली की मादी आत शिरते आणि स्वतःच्या विष्ठेने, फळांच्या चोथ्याने ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. उरते ती फक्त एक उभी फट. ह्या फटीतून नर तिला भरवतो. गळ्यात साठवून आणलेली उंबरे, वडाची फळे तो एकेक करून चोचीच्या टोकाशी आणतो आणि आत देतो. महाधनेशाच्या बाबतीत हा बंदिवास तीन-चार महिने चालतो. त्या काळात मादी आपली उडण्याची पिसे झाडून टाकते. म्हणजे मनात आणले तरी तिला लगेच उडता येत नाही. अंडी, मग पिलू, आणि तिघांच्या पोटाचा भार एकट्या नरावर. महाधनेशाचे बहुधा एकच पिलू वाढते. एका वर्षाचा एवढा खटाटोप एका जिवासाठी!

ह्या व्यवस्थेचे दोन परिणाम होतात आणि त्यांवरच संरक्षणाचा सारा विचार उभा आहे. पहिला असा की, वीण चालू असताना नर मारला गेला तर तो एकच पक्षी मरत नाही. भिंतीआड बसलेल्या मादीवर आणि पिलावरही उपासमारीची पाळी येते. धनेशाची चरबी सांधेदुखीवर चालते ही समजूत देशाच्या अनेक भागांत होती आणि ती पुरती गेली आहे असे म्हणता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ह्या पक्ष्याला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले असले तरी कायदा ढोलीखाली पहारा देत नाही.

दुसरा परिणाम अधिक खोल जाणारा आहे. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. सुतारपक्ष्याची चोच खोदण्याची, ह्याची फळे तोडण्याची. फांदी मोडल्यावर झालेली जखम, तीत शिरलेली बुरशी, पोखरलेला गाभा, अशा क्रमाने कित्येक दशकांत तयार झालेली पोकळी त्याला आयती लागते. महाधनेशाचे अंग मावेल एवढी पोकळी केवळ प्रचंड घेराच्या, वयोवृद्ध वृक्षातच असू शकते. आता वनखात्याच्या जुन्या पद्धतीत अशा झाडाची किंमत काय? पोकळ झाले, कुजू लागले, इमारती लाकूड निघणार नाही, म्हणून ते निरुपयोगी. उलट तरुण झाडांचा उजेड अडविणारे. रान ‘सुधारण्या’च्या नावाखाली प्रथम बळी जाई तो अशाच वृक्षांचा. पक्ष्याचे घर तेच माणसाच्या हिशेबातील भंगार. हा विरोध लक्षात घेतला की, रान तोडले तितकीच झाडे पुन्हा लावली की फिटंफाट झाली, हा युक्तिवाद किती पोकळ आहे हे कळते. आज लावलेल्या रोपात धनेशाला राहण्याजोगी ढोली होण्यास लावणाऱ्याची नातवंडे म्हातारी व्हावी लागतात.

शिवाय भुकेची बाब आहेच. वड, उंबर, नांद्रुक, पायरी ही सारी एकाच कुळातील झाडे वेगवेगळ्या वेळी फळतात म्हणून नराला वर्षभर धावाधाव करता येते. काजऱ्याची फळेही ह्या पक्ष्यांना चालतात. ज्याच्या बियांचे विष माणसाला मारते, त्याचा गर धनेश खुशाल खातो आणि बिया टाकून देतो. रानजायफळासारख्या मोठ्या बियांच्या फळांचा प्रसार करणारे पक्षी मोजकेच, त्यांत धनेश अग्रगण्य. म्हणजे वृक्ष धनेशाला घर देतात आणि धनेश वृक्षांना वंश. सागाच्या, नीलगिरीच्या किंवा रबराच्या ओळीने लावलेल्या मळ्यात ह्यांपैकी काहीच नसते. लांबून ते हिरवे दिसते एवढेच.

भारतात धनेशाच्या नऊ जाती आढळतात. त्यांतील चार, म्हणजे महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि साधा राखी धनेश, आपल्या पश्चिमेकडच्या डोंगरांत आणि त्यांच्या पायथ्याशी एकत्र नांदतात. मलबारी राखी धनेश तर जगात सह्याद्रीखेरीज कोठेच नाही. महाधनेशाची २०१८ मध्ये आणि मलबारी राखी धनेशाची २०२० मध्ये जागतिक यादीत ‘संकटग्रस्त होण्याच्या मार्गावरील’ जातींत नोंद झाली.

जगातील पक्ष्यांच्या रक्षणासाठी कोणती ठिकाणे प्रथम सांभाळावीत, ह्याचे शास्त्र गेल्या चाळीसेक वर्षांत तयार झाले. बर्डलाइफ इंटरनॅशनल ह्या संस्थेने १९९८ मध्ये मर्यादित प्रदेशापुरत्याच आढळणाऱ्या पक्ष्यांच्या आधारे पृथ्वीवरील २१८ प्रदेश निश्चित केले. पश्चिम घाट त्यांतील एक, आणि अशा १६ जाती त्याच्या वाट्याला आल्या. त्यांत मलबारी राखी धनेशाबरोबर निलगिरी रानपारवाही आहे. ह्या पारव्याचे शास्त्रीय नाव मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्यावरून पडले आहे, हे पेशवाईच्या अखेरीचा इतिहास वाचणाऱ्यांना गंमतीचे वाटेल. पुढे २००४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने भारतातील ४६६ महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांची सूची ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. अणशी, कोयना, राधानगरी ही नावे तीत आहेत. मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. अशा सूचीत नाव येणे म्हणजे संरक्षण मिळणे नव्हे. ती एक शास्त्रीय शिफारस आहे. तिच्यामागे ना कायदा, ना पोलीस, ना पैसा. रानाला संरक्षण मिळते ते सरकारी अधिसूचनेने, आणि टिकते ते आसपासच्या माणसांच्या संमतीने.

आता आपल्या भूगोलाकडे वळू. खानापूरहून जांबोटीच्या बाजूने कणकुंबीकडे जाताना जो प्रदेश लागतो, त्यात अगदी थोड्या अंतरात दोन नद्या उगम पावतात. कणकुंबीच्या माउलीच्या परिसरात मलप्रभा जन्मते आणि पूर्वेस जाऊन कृष्णेला मिळते. जवळच देगावच्या रानात म्हादई उगम पावते आणि पश्चिमेस गोव्यात उतरून मांडवी होते. उत्तरेस चंदगडच्या बाजूने घटप्रभा, आंबोलीतून हिरण्यकेशी. बेळगावच्या नळाला येणारे पाणी राकसकोपचे असो की हिडकलचे, त्याचे मूळ ह्याच डोंगराळ पट्ट्यात आहे. निपाणीकरांनी तर हे विशेष ध्यानी घ्यावे. त्यांच्या तंबाखूच्या आणि उसाच्या शिवाराला आधार देणाऱ्या वेदगंगा-दूधगंगा ह्या भुदरगड-राधानगरीच्या रानातून येतात. ज्या झाडांवर धनेश आणि रानपारवे बसतात, त्यांच्याच मुळांशी हे पाणी मुरते. आंबोलीला वर्षाकाठी सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पूर्वेस काही कोसांवर तो झपाट्याने ओसरतो. मधले रान नसते तर एवढे पाणी आले तसे वाहून गेले असते.

पाण्यावरून भांडणे होतात, रानावरून होत नाहीत. म्हादईच्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा देऊन कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी ठरविले, आणि तरीही वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तिन्ही राज्यांचे वकील दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत पाणी मोजतात. ते पाणी धरून ठेवणाऱ्या रानाचा हिशेब मात्र कोणत्याच राज्याने त्या काटेकोरपणाने मांडलेला नाही.

नाही म्हणायला एक मोठे पाऊल पडले. डिसेंबर २०११ मध्ये कर्नाटक शासनाने खानापूर तालुक्यातील सुमारे १९० चौरस किलोमीटरचे रान भीमगड वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित केले. गंमत अशी की, ह्या यशात मोठा वाटा एका वटवाघळाचा आहे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुंफेत आढळणारे रॉटनचे वटवाघूळ कित्येक दशके जगात अन्यत्र कोठेही ठाऊक नव्हते, आणि ह्या एका वसतिस्थानामुळे भीमगडचे नाव अभ्यासकांच्या तोंडी राहिले. भीमगडच्या पश्चिमेस गोव्याचे म्हादई अभयारण्य १९९९ पासून आहे. दक्षिणेस अणशी-दांडेलीचे रान २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले, पुढे २०१५ मध्ये त्याला काळी हे नाव मिळाले. आणि त्याच्या लगत काळी नदीकाठचे ५२.५ चौरस किलोमीटर क्षेत्र २०११ मध्ये खास धनेशांसाठी राखीव झाले. त्या दांडेलीत इमारती लाकडाच्या डेपोच्या आवारातील झाडांवर कवड्या धनेशांचे थवे उतरतात. तोडलेल्या वृक्षांच्या ओंडक्यांवरून उडणारे धनेश पाहण्यासाठी लोक दुरून येतात, ह्यातील विसंगती त्यांच्या लक्षात येते की नाही कोण जाणे.

अभयारण्य घोषित झाले म्हणजे प्रश्न संपला, असे म्हणणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. गवाळी, पास्तोली, कोंगळा, आमगाव, देगाव, तळेवाडी ही गावे त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या वसलेली आहेत. तेथली माणसे मराठी बोलतात, भात आणि नाचणी पिकवतात, आणि पावसाळ्यात कोणी आजारी पडले तर त्याला डोलीत घालून चिखलातून, ओढ्यांतून कोसभर वाहून आणतात. रस्ता मागितला तर रानाचा नियम आड येतो. रस्ता झाला तर रान फाटते. २०२५ मध्ये तळेवाडीच्या २७ कुटुंबांनी शासनाची स्थलांतराची योजना स्वीकारली. कुटुंबामागे १५ लाख रुपये अशी ती योजना. ज्यांनी ती स्वीकारली त्यांना शाळा, दवाखाना आणि वीज हवी होती, ह्यात चूक काय? आणि ज्यांना जायचे नाही, त्यांच्यावर २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उपस्थितीत कोणी बळजबरी करू शकत नाही, करूही नये. पण एक गोष्ट विचारावीशी वाटते. ज्या गावाने इतकी वर्षे ती ढोल्यांची झाडे उभी ठेवली, ते गाव उठले की त्या झाडांची माहितीही उठून जाते. कोणत्या आंब्याच्या ढोलीत धनेश बसतो, कोणत्या साली बसला नाही, हे तेथल्या गुराख्याला जितके ठाऊक असते तितके शहरातून आलेल्या अभ्यासकाला दहा वर्षांतही कळत नाही. स्थलांतराच्या कागदपत्रांत घर, जमीन, झाडे यांची मोजदाद होते; ह्या ज्ञानासाठी रकाना नसतो.

खरा धोका अभयारण्यांच्या आत नाही, त्यांच्या मधल्या जागांत आहे. महाधनेश एका दिवसात मैलोगणती फिरतो. त्याला खानापूर तालुका कोठे संपतो, चंदगड कोठे लागते, सत्तरी कोठे सुरू होते, हे कळत नाही. भीमगड आणि राधानगरी यांच्यामध्ये चंदगड, आंबोली, तिळारी, दोडामार्ग हा जो पट्टा आहे, त्यात पुष्कळ रान खाजगी मालकीचे आहे. दोडामार्गाकडे त्यातील कित्येक डोंगर रबर आणि अननस यांच्याखाली गेले. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये तिळारीचे सुमारे २९ चौरस किलोमीटर आणि त्यानंतर आंबोली-दोडामार्गचे क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित केले, हे स्वागतार्हच. पण सबंध पश्चिम घाटाच्या संवेदनक्षेत्राची अधिसूचना पाहा: २०१४ ते २०२४ ह्या दहा वर्षांत केंद्र शासनाने तिचे सहा मसुदे काढले. सहा मसुदे! एवढ्या अवधीत एका धनेशाच्या जोडीने, सगळे सुरळीत झाले तर, फार तर दहा पिले वाढविली असतील. दक्षिणेकडे कॅसलरॉक ते कुळे लोहमार्गाच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, म्हणून तेथले रान तूर्त वाचले. दर वेळी न्यायालयाच्या दारात जाऊन रान वाचवावे लागणे, ही काही निरोगी व्यवस्था नव्हे.

मग मधल्या जागा कोण सांभाळणार? ह्याचे उत्तर आपल्या जुन्या व्यवस्थेत काही अंशी सापडते. सिंधुदुर्गात आणि घाटमाथ्यावर अनेक गावांनी देवाच्या नावाने राई राखली आहे. तिथल्या झाडाला कोयता लागत नाही, आणि म्हणून तिथेच जुनी, ढोल्यांची झाडे शिल्लक आहेत. कोकणातील अशा देवराया आणि त्यांलगतच्या आंब्या-बेहड्यांमध्ये कवड्या धनेश वीण करतो, हे आता अभ्यासकांनी नोंदविले आहे. अलीकडे मात्र देवळाचा जीर्णोद्धार निघतो, सिमेंटचा मंडप उभा राहतो, आणि खर्चासाठी राईतली पहिली तोड होते ती वठू लागलेल्या वृक्षाची. देव तोच, भक्तीही तीच, फक्त शेजारी उठून गेला. गावकऱ्यांना दोष देऊन हे थांबणार नाही. त्या वठलेल्या झाडात कोण राहते, हे गावच्या बैठकीत कोणीतरी आपुलकीने सांगावे लागेल.

हे जमते, असा परदेशातील अनुभव आहे. थायलंडमध्ये डॉ. पिलाई पूनस्वाद ह्या विदुषीने १९७८ पासून धनेशांचा अभ्यास चालविला. दक्षिण थायलंडच्या डोंगरात पिले पळवून विकणारे गावकरी तिला भेटले. तिने त्यांना पोलिसांच्या हवाली केले नाही. त्याच माणसांना ढोल्यांचे राखणदार नेमले, कारण प्रत्येक ढोली त्यांनाच ठाऊक होती. शहरातील कुटुंबे वर्षाला ठरावीक रक्कम देऊन एकेका घरट्याचे पालकत्व घेत, आणि त्या पैशातून राखणदाराला वेतन मिळे. ह्या कार्यासाठी तिला २००६ मध्ये रोलेक्स पारितोषिक मिळाले. अरुणाचलातील पाक्के येथे निशी जमातीच्या गावांबरोबर हाच प्रयोग गेल्या दशकात रुजला. खानापूर, चंदगड किंवा दोडामार्ग यांच्या परिस्थितीत आणि तिथल्या परिस्थितीत फरक आहे, हे खरे; पण चोराला राखणदार करण्याची युक्ती आपल्याकडे अपरिचित नाही.

ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून ह्या विषयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाच्या मनात असेल तर त्याने बटलरची सूची आठवावी. ती इंग्रजीत आहे, परक्या माणसाने केली आहे, आणि तीत ह्या मुलखातील लोकांना पक्ष्यांविषयी काय ठाऊक होते ह्याला फारशी जागा नाही. त्यानंतर येथे पक्षी पाहणारे झाले, छायाचित्रे काढणारे झाले. गावोगावची मराठी-कोकणी नावे, ढोल्यांच्या झाडांचे ठिकाण, फळण्याचे महिने अशी नोंद एका ठिकाणी साठविण्याचे काम मात्र ग्रंथालयासारख्या संस्थेनेच करावे असे आहे. जांबोटी-कणकुंबीच्या शाळांतील शिक्षक, घाटातील बसचे वाहक, निपाणीहून राधानगरीला जाणारे व्यापारी, सुटीत गावी जाणारे सभासद, ह्या सर्वांना ती भरता येईल. पुढच्या थंडीत माद्या ढोल्यांत शिरतील, त्यापूर्वी सुरुवात करता येण्याजोगी आहे. वाचनालयाच्या टेबलावर एक जाड वही ठेवली आणि तीत पाच रकाने आखले तरी पुरेत: तारीख, गाव, झाड, पक्षी, आणि सांगणाऱ्याने त्या पक्ष्याला घेतलेले नाव. वही भरली की ती कपाटात जपून ठेवावी. रद्दीवाल्याकडे जाणार नाही एवढी काळजी घ्यावी.